एका झेंड्याचा हंगाम

आमचं घर म्हणजे फाटकाची खोली. दौंड-मनमाड लाईनीवर, दोन स्टेशनांच्या मधोमध, जिथे गाडीला थांबायचं काही कारणच नाही अशा जागी. एक खोली, पुढे पत्र्याची पडवी आणि पडवीपासून आठ पावलांवर रूळ. गाडी गेली की फळीवरची भांडी थरथरत पुढे सरकायची. आई रोज संध्याकाळी ती पुन्हा भिंतीकडे ढकलायची. अण्णा तिथले गेटमन. बारा तासांची ड्युटी. बदली माणूस आला तर सुटका, नाही आला तर पुढचे बारा तासही त्यांचेच. माझी आजी गावी वारली तेव्हा अण्णांनी स्टेशनला फोन करून बदली मागितली. बदली दुसऱ्या दिवशी दुपारी आली. तोवर येतील त्या गाड्या अण्णांनी पास केल्या. एका हातात उघडा हिरवा झेंडा, दुसऱ्या हातात गुंडाळलेला लाल, पाठ ताठ. गाडीतल्या कुणालाही कळलं नसणार की खाली उभ्या असलेल्या या माणसाची आई गेली आहे.

आई लाईनीच्या कडेचं गवत कापायची आणि पेंढ्या बांधून विकायची. अण्णांनी एकदा खात्याची परीक्षा दिली होती, वरच्या जागेसाठी. थोडक्यात राहिली. 'थोडक्यात' हा शब्द आमच्या घरी पाहुण्यासारखा आला आणि परत गेलाच नाही. मला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला त्या दिवशी अण्णांनी दोन्ही झेंडे काठ्यांवर घट्ट गुंडाळले, कोपऱ्यात उभे केले आणि म्हणाले, "हे फडकं तुझ्या हातात येता कामा नये. एवढं बघ."

त्यांनी आयुष्यात माझ्याकडे मागितलेली तेवढीच गोष्ट. आमच्या घराण्यात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिला, हे मी कुठेही सांगतो, विचारलं नाही तरी सांगतो.

फाटकाच्या दोन्ही बाजूंना ऊस होता. तोडणी झाली की शेतकरी पाचट पेटवायचे. तो धूर खोलीत शिरायचा, पांघरुणात बसायचा, भाकरीला लागायचा. आज सकाळी सिंगापुरात, बुकित पंजांगमध्ये बाराव्या मजल्याची खिडकी उघडली आणि नाकात अगदी तोच वास शिरला. क्षणभर वाटलं, आता भांडी वाजतील. मग लक्षात आलं, हेझ. चार वर्षांनी धूर परत आलाय. समुद्रापलीकडे कुठेतरी जंगल जळतंय आणि इथे समोरच्या इमारती दुधात बुडवल्यासारख्या दिसतायत. एलआरटीच्या छोट्या गाडीत सगळ्यांच्या तोंडावर मास्क, सगळ्यांच्या हातात फोन, फोनवर हवेतल्या प्रदूषणाचा आकडा. माझ्या ऑफिसातले लोक या वासाला शिव्या देतात. मला मात्र या वासाने एक मैदान आठवतं, चार खांब आठवतात, आणि वॉली.

तेव्हा, म्हणजे दोन हजार पंधराच्या धुराच्या वर्षी, मी चोआ चू कांगला एका फ्लॅटमध्ये खोली घेऊन राहायचो. घरमालकीण एक चिनी आंटी. अट अशी की फक्त 'लाइट कुकिंग'. लाइट म्हणजे काय, तर चहा आणि मॅगी. मी एकदा लसणाची फोडणी दिली तर आंटी नाकाला रुमाल लावून दारात. "यू कुकिंग ऑर फायर ड्रिल, हा?" पुन्हा फोडणी दिली नाही. कामाचे पाच दिवस निघून जायचे. माझं काम टेस्टिंगचं, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या. चुका शोधणाऱ्याला जेवायला बरोबर कुणी बोलवत नाही. शनिवार-रविवार मात्र अंगावर यायचे.

आपली माणसं नव्हती असं नाही. एका दिवाळीला बुकित तिमाहच्या एका कोंडोत, म्हणजे बड्या लोकांच्या सोसायटीत, फराळाला गेलो होतो. पुण्या-मुंबईची मंडळी, छान बोलणारी. एका काकांनी विचारलं, "वडील काय करतात?"

"रेल्वेत."

"अरे वा! कुठल्या डिव्हिजनला? ऑफिसर?"

"गेटमन. फाटकावर."

काका ताटलीतली शेव निवडायला लागले. मग काकू एकदम जाग्या झाल्यासारख्या म्हणाल्या, "तुम्ही चकली घेतलीच नाहीत!" वाईट कुणीच वागलं नाही. उलट त्यानंतर सगळे जरा जास्तच चांगले वागले, आणि तेच मला पचलं नाही. मी परत गेलो नाही. मानी माणसाचं असं असतं, त्याला एकटं पाडावं लागत नाही, तो आपणच बाजूला होतो.

मग शनिवारी मी चालायला लागलो. सिंगापूरमधून पूर्वी मलेशियाची रेल्वे जायची. ती बंद करून रूळ उचलले आणि त्या जागी लांबलचक हिरवी पायवाट राहिली. आंटीने मला सांगितलं होतं की आमच्याच चोआ चू कांग रोडवर फाटक होतं. "ट्रेन कम, ऑल कार स्टॉप. नाउ नो मोअर, लाह." तिच्या लेखी संपलं. मला मात्र ते ऐकून घरचं कुणी गेल्यासारखं वाटलं. दर शनिवारी जेवून मी त्या पायवाटेवर उतरायचो आणि लोखंडी पुलापर्यंत चालत जायचो. पाय आपोआप रुळांखालच्या स्लीपरच्या अंतराने पडायचे. स्लीपर नव्हते, तरी पडायचे.

त्या वाटेच्या खालच्या अंगाला एका शाळेचं मैदान होतं. तिथे एका शनिवारी पस्तीस-छत्तीस माणसं अंडाकृती चेंडूच्या मागे धावताना दिसली. रग्बी म्हणावं तर रग्बी नाही. हातातला चेंडू सोडून लाथ मारतात, एकमेकांच्या खांद्यावर गुडघा ठेवून उंच उड्या घेतात. ऑस्ट्रेलियन लोकांचा फुटबॉल. इथे नोकरीला आलेले बँकवाले, शिक्षक, दोन-चार इथलीच पोरं. मी कठड्याला टेकून बघत राहिलो. पुढच्या शनिवारी परत. तिसऱ्या शनिवारी खालून एक म्हातारा ओरडला, "ए! तू तीन आठवडे एकाच जागी उभा आहेस. तुला कुणी पुरलंय का तिथे?"

तो वॉली. ऐंशीला टेकलेला, गुडघ्यात वाकडा, कानांवर पांढरे केस, हिरव्या संघाचा कोच. म्हणाला, "आमचा गोलपंच पर्थला बदलून गेला. मला हलणारी माणसं खूप मिळतात. स्थिर उभा राहणारा मिळत नाही. खाली ये."

खेळ समजवायला त्याने चार वाक्यं खर्च केली. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन उंच खांबांमधून चेंडू लाथेने गेला की गोल, सहा गुण. बाजूच्या खांबांमधून गेला, किंवा जाता जाता उंच खांबाला नुसता घासला जरी, तरी गोल नाही. त्याला म्हणतात बिहाइंड, एक गुण. गोलपंचाने रेषेवर उभं राहायचं, मैदानातल्या पंचाने 'ऑल क्लिअर' म्हटल्याशिवाय हलायचं नाही, मग गोलला दोन पांढरे झेंडे हलवायचे, बिहाइंडला एक. समोरच्या टोकाचा गोलपंच तेवढेच झेंडे हलवून उत्तर देतो. त्याचं उत्तर आलं की दोघांनी आपापल्या कार्डावर लिहायचं.

मला हे सगळं ओळखीचं वाटलं. इशारा आल्याशिवाय झेंडा नाही, आणि समोरून उत्तर आल्याशिवाय काम संपलं नाही. अण्णा स्टेशनमास्तरला फोनवर नंबर द्यायचे, फाटक बंद असल्याची खूण म्हणून. गाडी गेल्यावर शेवटच्या डब्यातला गार्ड झेंडा दाखवायचा आणि अण्णा आपला. तीसएक वर्षं त्या दोन माणसांनी एकमेकांना झेंडे दाखवले आणि एकमेकांची नावं त्यांना माहीत नव्हती.

वॉलीने पांढरा कोट माझ्या अंगावर चढवला आणि दोन झेंडे हातात दिले. काठीचा तो गुळगुळीतपणा हाताला लागला. अण्णांचं वाक्य आठवलं. पण मैदानात माणसं धावायला लागली होती आणि कुणीतरी मला कामाला बोलावलं होतं. उभा राहिलो.

पहिलाच गोल झाला. स्वच्छ, मधोमध. पंच ओरडला, "ऑल क्लिअर!" आणि मी काय केलं? डाव्या हातातला झेंडा काठीला गुंडाळून धरला आणि उजव्या हातातला सरळ आडवा धरून ताठ उभा राहिलो. हलवलाही नाही. अण्णा एक्स्प्रेसला धरायचे तस्सा. शरीराने जे वीस वर्षं पाहिलं होतं ते केलं. एक झेंडा म्हणजे बिहाइंड! गोल मारणारा डोक्याला हात लावून माझ्याकडे पळत आला. कुणीतरी ओरडलं, "गाडीची वाट बघतोय काय, भावा?" सगळं मैदान हसलं. मैदानातल्या पंचाने येऊन निस्तरलं.

वॉली हसला नाही. ब्रेकमध्ये पाण्याची बाटली घेऊन आला. "असं धरायला तुला कुणी शिकवलं?"

"वडिलांनी. ते रेल्वेच्या फाटकावर झेंडा दाखवतात."

मी वाट बघत होतो की आता हा चकली देईल. त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "त्यांच्या हातून कधी चूक झाली?"

"त्यांच्या कामात चूक झाली तर माणसं मरतात."

"बरोबर," तो म्हणाला. "पुढच्या शनिवारी लवकर ये, रेल्वे. उन्हाची टोपी आण."

तेव्हापासून माझं नाव रेल्वे. कुणाच्या तोंडी नाव असणं ही केवढी गोष्ट असते, हे ज्याला आठवडाभर फक्त ईमेलमधून हाक मारतात त्याला विचारा.

रविवारी घरी फोन व्हायचा. आई जेवणाचं विचारायची, अण्णा हवेचं, आणि मग ठरलेलं: "शनवारी काय करतो रं?" "फिरायला जातो." "चांगलंय. चालत जा." झेंड्यांचं मी बोललो नाही. खोटं बोललो नाही, एवढंच स्वतःला सांगत राहिलो. पण फोन ठेवल्यावर हातांना काठीचा स्पर्श जाणवायचा.

वॉलीची गोष्ट मला तुकड्यातुकड्यांनी कळली. सामना संपला की बाकीचे बिअरला जायचे, मी जायचो नाही, आणि वॉलीला डॉक्टरने मनाई केलेली. मग आम्ही दोघं खांब उतरवायचो. इथे खांब कायमचे नसतात. पोकळ अ‍ॅल्युमिनियमचे नळ, एकात एक बसवलेले, बुडाशी फोमची गादी बांधलेली. दर शनिवारी उभे करायचे, दर शनिवारी काढायचे. ते काढता काढता तो बोलायचा.

गव्हाच्या गावातला मुलगा. बाप बेकरीवाला. सकाळी घरोघर पाव टाकायचे आणि दुपारी रेल्वेच्या धान्यकोठाराच्या भिंतीवर एकट्याने चेंडू मारायचा, कारण गावात त्याच्या वयाची पोरं दोनच, आणि दोघंही भांडकुदळ. बूट चामड्याचे, तळाला खिळ्यांनी ठोकलेले चामड्याचे तुकडे. पावसात बूट वीट होऊन जायचा. एकोणिसाव्या वर्षी शहरातल्या मोठ्या संघाने बोलावलं. गाव स्टेशनवर निरोपाला आलं होतं. एक हंगाम खेळला. अकरा सामने. अकराव्या सामन्यात, शेवटच्या मिनिटाला, संघ दोन गुणांनी मागे असताना चेंडू त्याच्या हातात आला. त्याने लाथ मारली. चेंडू आत पडला. गोलपंचाने एक झेंडा दाखवला.

"बिहाइंड?"

"खांबाला लागला म्हणे." वॉली नळावरची गादी सोडवत होता. "एका गुणाने हरलो. पुढच्या उन्हाळ्यात सरावात गुडघा गेला. संपलं. आमच्याकडे एक जाडजूड पुस्तक असतं, सगळ्या खेळाडूंचं. त्यात माझी एक ओळ आहे. सामने अकरा, गोल शून्य, बिहाइंड एक. आणि तो गोल होता, रेल्वे. लिहून घे."

त्यानंतर चाळीस वर्षं त्याने कोचिंग केलं. पिठाच्या गिरणीचा संघ, खाणीतला संघ, एका गावात तर संघ पुरा होत नव्हता म्हणून पाद्र्याला उतरवलं. दिवसा बेकरी, संध्याकाळी मैदान. बायको जोन प्रत्येक सामन्याला गाडीत बसून विणायची. ती गेल्यावर मुलीने त्याला इथे आणलं. मुलगी आणि जावई दोघंही कामाला; कोंडोच्या विसाव्या मजल्यावर तो आणि एसी. "तिथे भिंतीवर चेंडू मारायची सोय नाही," तो म्हणाला. "तक्रार येते."

मी त्याला सांगितलं की मला तुमच्या खेळातली एक गोष्ट फार आवडली: चुकलं तरी एक गुण मिळतो. आमच्याकडे काठावर चुकलेल्याला काही मिळत नाही. माझे वडील परीक्षेत थोडक्यात राहिले, कुणी त्यांना एक झेंडा दाखवला नाही. वॉलीने विचार केला आणि म्हणाला, "एक गुण मिळतो खरा. पण तो पुस्तकात कायमचा राहतो. शून्य विसरता येतं." हे वाक्य मी अजून चघळतोय.

त्याचे डोळे अधू होत चालले होते, पण हे तो कुणाला कळू देत नव्हता. सरावाला तो मैदानाकडे पाठ करून उभा राहायचा आणि पोरांना म्हणायचा, मारा. 'थप्' झालं की म्हणायचा, "डावीकडे गेला." 'ठक्' झालं की, "हा आत." नव्वद टक्के बरोबर. "चेंडू कुठे जाणार ते बुटातच ठरतं. डोळे उशिरा पोचतात." पोरं गंमत म्हणून मुद्दाम चुकीचं सांगायची, तर हा वळायचाही नाही. "खोटारड्या, तो झाडात गेला. काढून आण."

असे एप्रिलपासून शनिवार गेले. ऊन, अचानक येऊन तासाभरात जाणारा पाऊस, पावसानंतर गवतातून निघणारी वाफ, पांढरा कोट अंगाला चिकटलेला. खेळाडू माझ्यापासून लांब, प्रेक्षक त्याहून लांब. खांबांमधली ती रेषा ही जगातली सगळ्यात एकटी जागा असेल. सगळे तुमच्याकडे बघतात ते फक्त तुम्ही झेंडा उचलेपर्यंत. पण पलीकडच्या टोकाला एक माणूस असतो, आणि तुम्ही झेंडा हलवलात की तो हलवतो. मला तेवढं पुरायचं. सबंध आठवड्यात मी केलेल्या कुठल्याही गोष्टीला इतकं चोख उत्तर मिळत नव्हतं.

सप्टेंबरात धूर आला. शेवटचा सामना, हंगामाचा निकाल लावणारा, दोनदा पुढे ढकलला, कारण हवेचा आकडा खाली येईना. या दोन रिकाम्या शनिवारी मी पायवाटेवरून चालत गेलो. घसा खवखवत होता, मैदान रिकामं. परत आलो तर आंटी म्हणाली, "यू क्रेझी, आह? एअर सो बॅड, स्टिल गो वॉकिंग." मी काय सांगणार? मला भीती वाटायला लागली होती. हंगाम संपल्यावर शनिवारचं काय करायचं याची. वॉलीने सांगितलं होतं की पुढच्या वर्षी तो मला दुसऱ्या मैदानांवरही नेणार, शिकवणार, परीक्षा द्यायला लावणार. मी पुढचं वर्ष मनात मांडून ठेवलं होतं.

ऑक्टोबरात एका शनिवारी आकडा जेमतेम उतरला आणि सामना झाला. सूर्य तांब्याच्या पैशासारखा, त्याच्याकडे सरळ बघता येत होतं. डोळे चुरचुरत होते. हिरवे विरुद्ध निळे. शेवटचं सत्र, शेवटचं मिनिट, हिरवे चार गुणांनी मागे, आणि चेंडू हिरव्यांच्या लाल केसांच्या शिक्षकाच्या हातात, माझ्या टोकाला. गोल झाला तर सहा, जिंकले. बाकी काहीही झालं तरी हरले. वॉली माझ्या डावीकडे सीमारेषेवर उभा होता. मला एकदम त्याचा अकरावा सामना आठवला. त्यालाही आठवला असणार, दुसरं काय आठवणार?

शिक्षकाने लाथ मारली. चेंडू उंच चढला, धुराच्या पांढऱ्यात पुसट झाला, मग माझ्या डोक्यावर मोठा होत आला. मी त्याच्याखाली सरकलो. आणि वर, खूप वर, उजव्या खांबाच्या टोकाशी बारीकसा आवाज झाला. टिंग. चहाच्या कपाला चमचा लागावा इतकाच. चेंडू माझ्यामागे, आत पडला.

सगळे ओरडत होते. हिरवी पोरं एकमेकांच्या गळ्यात. मैदानातला पंच धावत आला. "ऑल क्लिअर."

माझ्याशिवाय कुणी ऐकलं नव्हतं. दोन झेंडे उचलले असते तर जगात एकाही माणसाने मला विचारलं नसतं. वॉलीने दोन्ही मुठी वर केल्या होत्या. साठ वर्षांनी त्याचा चेंडू आत गेला होता. आणि एक झेंडा उचलला तर? तर माझं पुढचं वर्ष गेलं, रेल्वे हे नाव गेलं, खांब उतरवतानाच्या गप्पा गेल्या. मला हे सगळं तेव्हा शब्दांत सुचलं असं मी म्हणणार नाही. मला फक्त अण्णा दिसले, आजी गेली त्या दिवशीचे. पाठ ताठ.

मी एक झेंडा उचलला.

आवाज असा थांबला की जणू कुणी दार लावून घेतलं. मी झेंडा हलवत राहिलो आणि समोरच्या टोकाकडे बघत राहिलो. तिथून उत्तर येईना. धुरकट आभाळ, मागे शाळेची पांढरी भिंत, त्यात पांढरा कोट आणि पांढरा झेंडा. तो गोलपंच बहुतेक दोन झेंड्यांच्या तयारीत असावा. किती सेकंद गेले माहीत नाही. परदेशात मी पुष्कळ एकटा होतो, पण तितका एकटा मी कधीच नव्हतो. मग दूर काहीतरी हललं. एक झेंडा. मी कार्डावर लिहिलं. एकचा आकडा वाकडा आला.

पोरं तुटून पडली. "आंधळा आहेस का, रेल्वे?" "आमच्याच पाण्याच्या बाटल्या पिऊन!" लाल केसांचा शिक्षक नुसता गवतावर बसून राहिला, ते जास्त लागलं. मी वॉलीला शोधलं. तो पाठमोरा चालत शाळेच्या फाटकाबाहेर पडत होता. त्या दिवशी खांब मी एकट्याने उतरवले. आठ खांब, चोवीस नळ.

पुढचे दोन शनिवार मी खोलीतच होतो. आंटीने दारावर टकटक केली. "यू सिक, आह?" मी नाही म्हटलं. ती दोन पावलं गेली आणि परत आली. मग म्हणाली, "टुडे यू कॅन फ्राय गार्लिक. वन टाइम ओन्ली."

तिसऱ्या शनिवारी पाऊस पडून धूर धुऊन निघाला होता. पायवाटेवर उतरलो. लोखंडी पुलाशी कठड्यावर वॉली बसला होता, काठी गुडघ्यांत.

"उशीर केलास," तो म्हणाला. "मी दोन शनिवार येऊन बसतोय."

मी उभाच राहिलो.

"जावयाची बदली झाली. पुढच्या महिन्यात आम्ही परत चाललो." मग त्याने माझ्याकडे मान वळवली. "वाजला," तो म्हणाला.

"काय?"

"खांब. अ‍ॅल्युमिनियम आहे, बारीक वाजतं. टिंग. मी ऐकलं."

इतके महिने मी त्याला मैदानाकडे पाठ करून ऐकताना पाहत होतो, आणि त्या दिवशी हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

"आमच्या वेळी लाकडाचे होते," वॉली म्हणाला. "लाकूड वेगळं वाजतं. टक. त्या दिवशी माझ्याशिवाय आणि त्या गोलपंचाशिवाय कुणी ऐकलं नाही. साठ वर्षं मी सगळ्यांना सांगतोय की तो गोल होता. दारूच्या गुत्त्यात सांगितलं, शाळेतल्या पोरांना सांगितलं. जोनला सांगितलं. त्या पंचाला लोक रस्त्यात शिव्या द्यायचे आणि मी बघत उभा राहायचो." त्याने काठीने जमिनीवर एक रेघ ओढली. "परवा तू तिथे उभा होतास तेव्हा मला तो पंच दिसला. पहिल्यांदाच दिसला. इतकी वर्षं मला फक्त झेंडा दिसत होता."

मी त्याच्या शेजारी बसलो. जिथून एके काळी गाड्या जायच्या त्या वाटेवर दोन बायका सायकली ढकलत गेल्या.

"रेल्वे, तुझ्या वडिलांना सांगितलंस का?"

"काय?"

"की तू एक झेंडा दाखवलास."

"त्यांना मी झेंडा धरतो हेच माहीत नाही. त्यांना ते आवडणार नाही."

"मूर्ख आहेस," वॉली म्हणाला. "लाव फोन."

तिकडे दुपार होती. अण्णा नुकतेच निवृत्त झालेले, गावच्या घरी ओट्यावर असणार. मी सगळं सांगितलं. पहिल्या दिवसापासून, पांढरा कोट, चार खांब, टिंग, सगळं. मला वाटलं लाईन गेली.

"अण्णा?"

"ऐकतोय." मग त्यांनी विचारलं, "समोरून इशारा आल्याबिगर झेंडा वर करत न्हाईस ना?"

"नाही."

"एकदाबी?"

"एकदाही नाही."

"आन् समोरच्याचं उत्तर आल्याबिगर खाली?"

"नाही, अण्णा."

"मग बरंय," अण्णा म्हणाले. "तो म्हातारा हाय का शेजारी? त्याला माझा नमस्कार सांग."

मी वॉलीला नमस्कार सांगितला. त्याने पुलापलीकडच्या मोकळ्या वाटेकडे बघत टोपी काढली, जणू अण्णा तिथेच उभे होते.

वॉली नोव्हेंबरात ऑस्ट्रेलियाला परतला. दोन वर्षांनी त्याच्या मुलीचं पत्र आलं, की तो गेला, आणि शेवटच्या हिवाळ्यात त्याने गावच्या क्लबात, सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलं होतं की चेंडू खांबाला लागला होता. लोक आधी हसले, मग गप्प झाले. त्या जाड पुस्तकातली त्याची ओळ जशी होती तशीच आहे. आता ती खरी आहे.

इथे मी अजून एकटाच राहतो. धूर खिडकीशी आहे, उद्या शनिवार आहे, आणि आकडा उतरला तर सामना आहे. वॉली म्हणाला होता ती परीक्षा मी दिली. पहिल्याच खेपेला पास झालो, थोडक्यात नाही, चांगल्या गुणांनी. आमच्या घरात झेंडा धरणारा मी दुसरा. पाच हंगाम झाले. पहिल्या दिवशीचा पहिला झेंडा चुकला. त्यानंतर एकही नाही.